प्रकल्प येतो, तेव्हा तिथल्या तरुणांना खरोखर काय मिळू शकतं?

मोठं बांधकाम सुरू झालं की आसपासच्या लोकांच्या वाट्याला काय येतं, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. धूळ, आवाज, वळवलेले रस्ते, ट्रकच्या रांगा. इमारत, पूल किंवा बोगदा उभा राहायला तीन, चार, कधी सात-आठ वर्षं लागतात आणि तोवर हा त्रास रोजचा असतो. त्याच्या बदल्यात स्थानिकांना काय मिळणार, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं. साइटभोवतीच्या पत्र्यांवर ‘स्थानिक तरुणांना संधी’, ‘आम्ही तुमच्यासोबत’ असं रंगवलेलं दिसतं. कधी त्यामागे खरीखुरी योजना असते, पैसे बाजूला काढलेले असतात, जबाबदार माणूस नेमलेला असतो. कधी त्या रंगापलीकडे काहीच नसतं.

हा फरक कुणाच्या चांगुलपणामुळे पडतो, असा आपला समज असतो. साइटवरचा एखादा मोठा अधिकारी मनाने चांगला निघाला, तर दोन पोरांना काम मिळतं, हे खरं आहे. पण शेकडो तरुणांना हातात कसब मिळून पुढची तीस वर्षं त्यावर जगता यावं, असं घडतं तेव्हा ते काम सुरू होण्याच्या कितीतरी आधी ठरलेलं असतं. कुठल्या कागदावर काय लिहिलं आणि त्यात नेमकं काय मोजायचं ठरलं, यावर बहुतेक गोष्टी अवलंबून असतात. माझ्या मते या विषयात समजून घेण्यासारखी मुख्य गोष्ट हीच आहे, म्हणून तिच्यावरच जास्त बोलतो.

साइटवर नेमकं कोण कुणाचं?

बाहेरून पाहणाऱ्याला साइट म्हणजे एकच कंपनी वाटते, कारण फलकावर एकच मोठं नाव असतं. आत गेल्यावर चित्र वेगळं दिसतं. ज्याच्यासाठी बांधकाम होतं तो मालक, म्हणजे एखादी महापालिका, सरकारी खातं किंवा खासगी विकासक. आराखडा करणारे आर्किटेक्ट आणि अभियंते. मालकाच्या वतीने कामावर लक्ष ठेवणारे सल्लागार. मग मुख्य कंत्राटदार. आणि त्याच्याखाली डझनावारी उपकंत्राटदार: एक खोदाईचा, एक सेंटरिंगचा, एक सळई बांधणारा, मग वीटकाम, प्लंबिंग, वायरिंग, लिफ्ट, रंगकाम. हातात हत्यार घेऊन काम करणारी बहुतेक माणसं या उपकंत्राटदारांची असतात. मुख्य कंत्राटदाराच्या पगारपत्रकावर कधी कधी एकही गवंडी नसतो.

म्हणूनच मुख्य कंत्राटदाराने मालकाला ‘आम्ही पन्नास शिकाऊ घेऊ’ असा शब्द दिला, तरी ते पन्नास तरुण प्रत्यक्षात ठेवायचे असतात दुसऱ्याच कुणीतरी. तो दुसरा म्हणजे सहा माणसांची टोळी घेऊन तीन महिन्यांचं काम अंगावर घेतलेला ठेकेदार. त्याला तो शब्द माहीतही नसतो. त्याच्या दरात शिकाऊ उमेदवाराचा खर्च धरलेला नसतो. पूर्ण न होणारी बरीच आश्वासनं याच पायरीवर अडकतात. वर ठरलेली अट खालच्या प्रत्येक उपकंत्राटात, रकमेसकट, लिहिली गेली का, हा प्रश्न त्यामुळे अगदी सुरुवातीलाच विचारायचा असतो.

आश्वासन कुठून जन्मतं?

दोन-तीन वाटा आहेत. पहिली वाट बांधकामाच्या परवानगीची. इंग्लंडमध्ये १९९० च्या नगररचना कायद्याचं १०६ वं कलम स्थानिक नियोजन प्राधिकरणाला विकासकाशी करार करण्याची मुभा देतं. परवडणारी घरं, शाळेसाठी निधी, रस्त्याची सुधारणा आणि अनेक ठिकाणी स्थानिकांना रोजगार व प्रशिक्षण, असं काय काय या करारात येतं. हा करार जमिनीला चिकटलेला असतो. पुढे ती जमीन विकली, तरी नव्या मालकाला तो पाळावा लागतो.

दुसरी वाट निविदेची. सरकार स्वतः पैसे खर्च करतं तेव्हा फक्त सर्वांत कमी दर पाहायचा, की त्या खर्चातून समाजाला आणखी काय मिळतं तेही पाहायचं? ब्रिटनमध्ये २०१२ साली झालेला सार्वजनिक सेवा (सामाजिक मूल्य) कायदा सांगतो की, खरेदी करणाऱ्या सरकारी संस्थेने सामाजिक, आर्थिक आणि पर्यावरणीय फायद्याचा विचार करावा. ‘विचार करावा’ म्हटल्यावर काहींनी विचार केला, काहींनी नुसती टिकमार्क केली. १ जानेवारी २०२१ पासून केंद्र सरकारच्या मोठ्या कंत्राटांसाठी नियम कडक झाला: निविदेच्या एकूण गुणांपैकी किमान १० टक्के गुण सामाजिक मूल्याला. स्कॉटलंडने २०१४ च्या खरेदी कायद्यात ४० लाख पौंड आणि त्यापुढच्या प्रत्येक कंत्राटासाठी स्थानिक लाभाच्या अटी घालता येतील का, हे तपासणं बंधनकारक केलं.

दहा टक्के ऐकायला किरकोळ वाटतं, पण निविदा कशा जिंकल्या जातात ते पाहिलं की त्याचं वजन कळतं. शेवटच्या फेरीतल्या दोन कंपन्या दरात आणि तांत्रिक बाबतीत सहसा अगदी जवळ असतात. समजा सामाजिक मूल्य सोडून उरलेल्या ९० पैकी एकीला ७९ आणि दुसरीला ७८ गुण पडताहेत. मग शंभरातले ते १० गुणच काम कुणाला मिळणार ते ठरवतात. त्या दिवसापासून ‘तुम्ही किती शिकाऊ घेणार, कुठल्या भागातले, कुणाच्या देखरेखीखाली’ हा प्रश्न कंपनीच्या दर ठरवणाऱ्या टेबलावर येतो. एरवी तो जनसंपर्क विभागातच राहिला असता.

तिसरी वाट लोकांनी स्वतः पाडलेली आहे. लॉस एंजेलिसमध्ये स्टेपल्स सेंटर या क्रीडागृहाच्या बाजूला हॉटेलं, चित्रपटगृहं आणि दुकानांचं मोठं संकुल होणार होतं. तिथल्या वीसहून अधिक स्थानिक संस्था आणि कामगार संघटना एकत्र आल्या आणि २००१ मध्ये त्यांनी विकासकाशी थेट करार केला. स्थानिकांना आधी नोकरीची संधी, संकुलातल्या ७० टक्के नोकऱ्यांना जगण्यापुरतं वेतन मिळावं हे उद्दिष्ट, बांधल्या जाणाऱ्या घरांपैकी २० टक्के परवडणारी, उद्यानांसाठी दहा लाख डॉलर. त्या बदल्यात या संस्था प्रकल्पाला विरोध करणार नाहीत. सरकारी परवानग्या आणि अनुदान अजून मिळायचं होतं, तेव्हाच ही बोलणी झाली. म्हणून लोकांच्या हातात काहीतरी होतं. पाया भरून झाल्यावर तीच माणसं तीच मागणी घेऊन गेली असती, तर एखादं निवेदन स्वीकारल्याचा फोटो तेवढा निघाला असता.

तरुणांचा प्रश्न: काम लवकर संपतं, शिकणं नाही

आता खरा अवघड भाग. कुशल गवंडी, सुतार, इलेक्ट्रिशियन घडायला दोन ते चार वर्षं लागतात. जर्मनीत बांधकामातलं शिक्षण टप्प्याटप्प्याने होतं: दोन वर्षांनी पहिली पात्रता आणि तिसरं वर्ष पूर्ण केलं की गवंडीकाम, सुतारकाम अशा एका कामातली पूर्ण पात्रता. आणि एका साइटवर वीटकाम चालतं किती दिवस? चार-पाच महिने. वायरिंगचा पहिला टप्पा दोन महिने, मग मधे खंड, मग शेवटचा टप्पा. तरुणाचं शिकणं आणि साइटचं वेळापत्रक यांचा मेळच बसत नाही. उपकंत्राटदार काम संपवून दुसऱ्या शहरात जातो आणि शिकाऊ पोरगा अर्धवट शिकलेला, प्रमाणपत्राविना, घरी.

हा दोष कुणाच्या हेतूत नाही, कामाच्या रचनेतच आहे. आणि ‘किती तरुणांना काम दिलं’ एवढंच मोजलं, तर हा दोष दिसतच नाही. तीन आठवडे सामान वाहायला ठेवलेला मुलगाही त्या आकड्यात एक आणि तीन वर्षं शिकून इलेक्ट्रिशियन झालेली मुलगीही एकच.

अमेरिकेत हे अनुभवाने कळलं. १९६८ च्या गृहनिर्माण व नगरविकास कायद्याच्या तिसऱ्या कलमानुसार, सरकारी गृहनिर्माणाचा पैसा जिथे खर्च होतो तिथल्या कमी उत्पन्नाच्या लोकांना त्या कामातून रोजगार आणि प्रशिक्षण मिळायला हवं. अनेक वर्षं त्याचं माप असं होतं की, नव्याने घेतलेल्या कामगारांपैकी ३० टक्के या गटातले असावेत. त्यात पळवाट उघड होती. थोड्या दिवसांसाठी माणूस घ्या, आकडा भरा, सोडून द्या. २०२० मध्ये नियम बदलले आणि माणसं मोजण्याऐवजी कामाचे तास मोजणं सुरू झालं: एकूण श्रमतासांपैकी २५ टक्के तास या गटातल्या कामगारांचे असावेत आणि ५ टक्के तास त्यातल्या आणखी जवळच्या, म्हणजे प्रकल्पाच्या परिसरातल्या किंवा सरकारी घरांत राहणाऱ्या लोकांचे. तास मोजायला लागल्यावर माणूस टिकवण्यात कंपनीचाच फायदा झाला.

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातही हेच माप आहे. दोन कोटी डॉलर किंवा त्याहून मोठ्या सरकारी बांधकामात एकूण श्रमतासांपैकी किमान १० टक्के तास शिकाऊ, प्रशिक्षणार्थी किंवा कॅडेट यांनी भरले पाहिजेत. याचा अर्थ साध्या हिशेबाने बघू. समजा एका प्रकल्पाला दहा लाख श्रमतास लागणार आहेत. त्याचे १० टक्के म्हणजे एक लाख तास. पूर्णवेळ काम करणारा माणूस वर्षाला सुमारे १,८०० तास भरतो. म्हणजे हे काम साधारण ५५ तरुणांना एक वर्ष किंवा १८ तरुणांना सलग तीन वर्षं पुरेल. मला विचाराल तर ५५ पेक्षा १८ चा पर्याय कितीतरी चांगला आहे. जाहिरातीत मात्र ५५ शोभून दिसतात. स्थानिक प्रतिनिधींनी हा हिशेब कंपनीसमोर मांडावा, तो करायला कुठलीही पदवी लागत नाही.

तासांचा नियम केला, तरी साइट संपल्यावर काय, हा प्रश्न उरतोच. त्याला जगात दोन चांगली उत्तरं सापडली आहेत.

एक उत्तर असं की शिकाऊ उमेदवाराला कामावर ठेवणारी संस्थाच वेगळी असावी. तरुणाची नेमणूक, पगार, विमा, वर्ग, परीक्षा हे सगळं त्या संस्थेकडे. ती त्याला आज या साइटवर, पाच महिन्यांनी दुसऱ्या साइटवर पाठवते. ठेकेदार त्याच्या कामाच्या दिवसांपुरते पैसे देतो. ठेकेदाराचं काम संपलं म्हणून शिकण्यात खंड पडत नाही. ऑस्ट्रेलियात अशा गट-प्रशिक्षण संस्था अनेक दशकं काम करताहेत आणि इंग्लंडमध्येही अशा फिरत्या शिकाऊ योजनेला सरकारी मान्यता आहे. सहा माणसांच्या टोळीचा ठेकेदार तीन वर्षांची जबाबदारी कधीच घेणार नाही, चार महिन्यांची मात्र आनंदाने घेईल. त्याची अडचण समजून घेऊन केलेली ही व्यवस्था आहे.

दुसरं उत्तर खर्चाचं. शिकवणाऱ्या कंपनीला खर्च येतो आणि शिकून तयार झालेला माणूस शेजारची कंपनी दोन पैसे जास्त देऊन पळवते. मग शिकवायचं कशाला, असा विचार प्रत्येक जण करतो आणि शेवटी कुणीच शिकवत नाही. जर्मनीत बांधकाम क्षेत्रातल्या कंपन्या आपल्या वेतनखर्चाच्या प्रमाणात एका सामाईक निधीत पैसे भरतात, त्यांच्याकडे शिकाऊ असोत वा नसोत. जी कंपनी शिकाऊ ठेवते तिला त्याच्या विद्यावेतनाचा मोठा वाटा या निधीतून परत मिळतो. शिकाऊ मुलं कंपनीत काम करतात, व्यवसाय-शाळेत शिकतात आणि अनेक कंपन्यांसाठी मिळून चालवलेल्या कार्यशाळेत हात बसवतात. ब्रिटनमध्ये १९६४ साली स्थापन झालेलं बांधकाम उद्योग प्रशिक्षण मंडळही असाच कर गोळा करतं आणि प्रशिक्षण देणाऱ्यांना अनुदान देतं.

आणि प्रकल्पच अवाढव्य असेल, तर शाळाच उभी करता येते. लंडनच्या क्रॉसरेल या नव्या रेल्वेमार्गासाठी शहराखालून बोगदे खणायचे होते आणि तेवढे प्रशिक्षित कामगार देशात नव्हते. २०११ मध्ये पूर्व लंडनमधल्या इलफर्ड इथे बोगदेकामाची खास अकादमी सुरू झाली. प्रकल्पाने ४०० शिकाऊ उमेदवारांचं उद्दिष्ट ठेवलं होतं, शेवटी संख्या हजाराच्या वर गेली. यामागे परोपकार जितका होता, तितकीच गरजही होती, आणि म्हणूनच ते टिकलं. कंपनीला ज्या कसबाची टंचाई जाणवते, तेच तरुणांना शिकवायचं ठरवलं, की दोघांनाही मधे सोडून जायचं कारण राहत नाही.

दारापर्यंत पोचणं

योजना उत्तम असली, तरी ज्याच्यासाठी आहे तो तरुण साइटच्या फाटकापर्यंत पोचतोच असं नाही. अडचणी बारीक असतात आणि कार्यालयात बसून त्या दिसत नाहीत. काम सकाळी सातला सुरू होतं, पहिली बस साडेसातला आहे. सुरक्षा बूट, हेल्मेट आणि साइटवर जाण्याआधीचं सुरक्षा प्रशिक्षण यांचे पैसे आधी द्यावे लागतात, पहिला पगार महिना संपल्यावर. मधले तीस दिवस येण्या-जाण्याचा खर्च कोण करणार? कितीतरी मुलं पहिल्या पंधरवड्यात गळतात आणि शेरा पडतो, ‘आजकालच्या पोरांना कष्ट नकोत.’ हा शेरा अन्यायाचा आहे.

ज्या प्रकल्पांत तरुण टिकतात, तिथे साधारण सारखंच काहीतरी केलेलं आढळतं. कामाआधी चार ते आठ आठवड्यांचा तयारी वर्ग असतो. त्यात मोजमाप, आराखडा वाचणं, हत्यारं धरणं आणि सुरक्षेचे नियम. पहिल्या पगारापर्यंतचा प्रवासखर्च प्रकल्प उचलतो. आणि साइटवर एक नेमलेला, अनुभवी माणूस असतो, ज्याला जाऊन ‘मला हे जमत नाहीये’ असं सांगता येतं. हा माणूस सुपरवायझरच असला, तर मुलं त्याच्याशी मोकळेपणाने बोलत नाहीत, कारण त्यांची हजेरीही तोच लावतो. म्हणून तो वेगळा असावा आणि त्याच्या कामाच्या वेळेतले काही तास त्यासाठी मोकळे ठेवलेले असावेत.

मुलींसाठी तर आणखी पाहावं लागतं. स्वच्छ, आतून कडी लागणारं स्वच्छतागृह, कपडे बदलायला जागा, अंगाला बसणारे हातमोजे आणि सुरक्षापट्टे. पुरुषाच्या मापाचा सैल पट्टा उंचीवर काम करणाऱ्या बाईला वाचवत नाही, हा सुरक्षेचाच प्रश्न आहे. एका टोळीत एकटी मुलगी टाकण्यापेक्षा दोघींना बरोबर ठेवलं, तर त्या टिकण्याची शक्यता वाढते. याला फारसा खर्चही येत नाही.

वयाची मर्यादा इथे ठामपणे सांगायला हवी. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९७३ च्या १३८ व्या करारानुसार धोकादायक कामासाठी किमान वय साधारणपणे १८ आहे आणि बांधकामातली बरीच कामं धोकादायकच असतात. कुठे १६ वर्षांवरच्यांना परवानगी असलीच, तर ती योग्य प्रशिक्षण आणि संरक्षणाच्या अटीवर. ‘तरुणांना संधी’ या नावाखाली चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर घमेलं दिलं जात असेल, तर ती बालमजुरी आहे. त्या वयाच्या मुलांसाठी प्रकल्पाने करायच्या गोष्टी वेगळ्या आहेत.

शाळेतल्या मुलांसाठी

बहुतेक कंपन्या काय करतात? एक दिवस शाळेची सहल साइटवर, पिवळं हेल्मेट, ग्रुप फोटो. यात वाईट काही नाही. पण एका भेटीने दहावीतल्या मुलीला सर्व्हेयर व्हावंसं वाटेल, ही अपेक्षा फार आहे. सर्व्हेयर असतो तरी काय, हे कळायलाच वेळ लागतो.

यापेक्षा खोलवर गेलेलं एक उदाहरण अमेरिकेतलं आहे. चार्ल्स थॉर्नटन या संरचना अभियंत्याने १९९४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘एस मेंटॉर’ हा कार्यक्रम सुरू केला. आर्किटेक्ट, बांधकाम व्यावसायिक आणि अभियंते माध्यमिक शाळेतल्या मुलांच्या एका गटाबरोबर शाळेच्या वेळेनंतर नियमित भेटतात. वर्षभर मिळून एका कल्पित प्रकल्पाचा आराखडा करतात आणि शेवटी तो सगळ्यांसमोर मांडतात. मुलांना हे विनामूल्य असतं. जागा निवडण्यापासून खर्चाच्या अंदाजापर्यंत सगळं मुलांना स्वतः करावं लागतं. या क्षेत्रात शंभर वेगवेगळी कामं आहेत आणि त्यांतली निम्मी तरी गणितात पहिला नंबर न काढताही जमतात, हे त्यांना कुणीतरी सांगून नव्हे तर करून कळतं.

एका गटातल्या मुलांचा विसर मात्र फार लवकर पडतो: बांधकाम मजुरांची स्वतःची मुलं. ही माणसं दूरच्या गावांहून येऊन साइटवरच राहतात, म्हणून स्थानिकांच्या यादीत ती नसतात. पण प्रकल्प चालू असेपर्यंत साइट हेच त्या मुलांचं घर असतं. दिल्लीत १९६९ मध्ये मीरा महादेवन यांनी बांधकामाच्या जागेवरच मजुरांच्या मुलांसाठी पाळणाघर सुरू केलं आणि त्यातून ‘मोबाइल क्रेशेस’ ही संस्था उभी राहिली. साइट संपली की पाळणाघर पुढच्या साइटवर जातं, ही त्यातली सगळ्यात मोलाची कल्पना. भारतात बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली झालेल्या कायद्याने पन्नासहून अधिक स्त्री कामगार असलेल्या जागी सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली आणि सांभाळणारी व्यक्ती बंधनकारक केली होती. कायद्याचा आकडा पन्नास असला, तरी उघड्या खड्ड्याशेजारी खेळणाऱ्या एका बाळासाठीही ही सोय लागते. स्थानिकांसाठी काय केलं हे सांगणाऱ्या कंपनीला, फाटकाच्या आत राहणाऱ्या मुलांसाठी काय केलं, हेही विचारायला हवं.

देण्याआधी त्रास थांबवा

समाजमंदिराला रंग दिला, बाकडी बसवली, झाडं लावली, याच्या बातम्या होतात. शेजाऱ्यांना मात्र रात्री अकराला काँक्रीटचा पंप बंद व्हायला हवा असतो. मदतीची सुरुवात इथूनच व्हावी, असं मला मनापासून वाटतं. धुळीवर नियमित पाणी मारणं, शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी ट्रक थांबवणं, मोठ्या आवाजाच्या कामाची आठ दिवस आधी सूचना देणं. एक नाव आणि एक फोन नंबर, जो रात्रीही उचलला जातो. ब्रिटनमध्ये १९९७ पासून ‘कन्सिडरेट कन्स्ट्रक्टर्स स्कीम’ चालू आहे. तिच्यात नोंदवलेल्या साइटला निरीक्षक भेट देतात आणि शेजाऱ्यांशी, परिसराशी, कामगारांशी ती कशी वागते त्यावर गुण देतात. तक्रारीचा क्रमांक साइटबाहेर लावावा लागतो.

त्रास याहूनही गंभीर असू शकतो. छोट्या वस्तीजवळ अचानक शेकडो परके पुरुष राहायला येतात, तेव्हा तिथल्या मुलींची सुरक्षितता हा प्रकल्पाच्या जबाबदारीचा भाग असतो. डिसेंबर २०१५ मध्ये जागतिक बँकेने युगांडातल्या एका रस्तेप्रकल्पाचं अर्थसाहाय्य रद्द केलं. कंत्राटदाराच्या कामगारांनी स्थानिक अल्पवयीन मुलींचं लैंगिक शोषण केल्याचे आरोप पुढे आले होते. त्यानंतर बाहेरून येणाऱ्या कामगारांमुळे निर्माण होणाऱ्या धोक्यांकडे बँकेने जास्त बारकाईने पाहायला सुरुवात केली. २०१८ मध्ये लागू झालेल्या तिच्या पर्यावरणीय व सामाजिक चौकटीत परिसराचं आरोग्य व सुरक्षा, लोकांशी संवाद आणि तक्रार निवारणाची व्यवस्था यांच्या स्वतंत्र अटी आहेत. तक्रार कुठे करायची, ती करणाऱ्या मुलीचं नाव गुप्त कसं राहील, हे पहिला कामगार येण्याआधी ठरलेलं असावं लागतं.

स्थानिक छोट्या उद्योगांना काम देण्याची अटही सरळ वाटते तितकी सरळ नाही. कामाचे तुकडे इतके मोठे असतात की छोट्या व्यावसायिकाला निविदाच भरता येत नाही, आणि भरली तरी बिल तीन महिने अडकलं की तो बुडतो. लहान तुकडे करणं आणि बिलं वेळेवर देणं ही स्थानिक उद्योगाला केलेली सर्वांत मोठी मदत आहे. नुसती टक्केवारी ठरवून दिली आणि वाटप उघडपणे झालं नाही, तर काय होतं ते दक्षिण आफ्रिकेने भोगलं. तिथे २०१७ च्या सरकारी खरेदी नियमांत तीन कोटी रँडपेक्षा मोठ्या कंत्राटातलं, शक्य असेल तिथे, किमान ३० टक्के काम ठरावीक वंचित गटांतल्या उद्योगांना उपकंत्राट म्हणून देण्याची तरतूद होती. हेतू न्यायाचा होता. पण ‘आमचे ३० टक्के द्या’ म्हणत टोळ्या साइटवर येऊ लागल्या, धमकावून कामं बंद पाडू लागल्या. ज्या होतकरू छोट्या ठेकेदारासाठी तरतूद केली होती, तो बाजूलाच राहिला. काम कुणाला, कशाच्या आधारावर दिलं, याची यादी सर्वांना पाहायला मिळाली, तर अशा दादागिरीला जागा कमी उरते.

आकड्यांकडे कसं पाहायचं

प्रकल्प संपताना अहवाल येतो: इतक्या कोटींचं सामाजिक मूल्य निर्माण केलं. हा आकडा काढायच्या रीती आहेत. ब्रिटनमध्ये २०१७ पासून ‘टॉम्स’ नावाची मोजपट्टी वापरली जाते. तिच्यात प्रत्येक गोष्टीला अंदाजी किंमत लावलेली असते, म्हणजे स्थानिक माणसाला दिलेली नोकरी इतकी, शाळेत दिलेला तास इतका, आणि मग बेरीज होते. तुलना करायला ती बरी पडते. पण ज्याला कुठल्याही परिस्थितीत काम मिळालंच असतं, त्याला नोकरी दिल्याचंही मूल्य त्यात धरलं जाऊ शकतं. एका जागेवरून सोडून दुसऱ्या जागेवर आलेला माणूसही ‘नवा रोजगार’ म्हणून मोजला जाऊ शकतो.

म्हणून मी बेरजेपेक्षा साध्या गोष्टी विचारीन. सुरू केलेल्यांपैकी किती जणांनी शिक्षण पूर्ण केलं? काम संपल्यावर सहा महिन्यांनी आणि वर्षाने त्यातले किती जण याच क्षेत्रात पगारावर होते? ते नेमके कुठल्या वस्तीतले होते? मुली किती? यांची उत्तरं देता येत असतील, तर योजना खरी होती. सहा महिन्यांनंतरची माहिती ठेवणारं कुणी नेमलेलंच नसेल, तर कंपनीकडेच उत्तर नसतं, आणि तेही पुरेसं बोलकं आहे.

ज्यांच्या परिसरात असा प्रकल्प येऊ घातला आहे, त्यांच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा काळ निविदा निघण्याआधीचा. तेव्हा परवानगी देणाऱ्या कार्यालयाकडे आणि मालकाकडे लेखी मागणी करता येते: शिकाऊ उमेदवारांचं प्रमाण श्रमतासांत असावं, ते प्रत्येक उपकंत्राटात उतरावं, दर तीन महिन्यांनी आकडे जाहीर व्हावेत, आणि अट पाळली नाही तर बिलातून ठरलेली रक्कम कापली जावी. आणखी एक कलम सहसा राहून जातं, ते आवर्जून मागावं. शेवटच्या सहा महिन्यांत, शिक्षण अर्धवट असलेल्या प्रत्येक तरुणाला पुढची साइट शोधून देण्याची आणि तोवर त्याचे वर्ग चालू ठेवण्याची जबाबदारी मुख्य कंत्राटदाराची राहील, आणि ते झाल्याचा कागद जोडल्याशिवाय त्याचं अंतिम बिल निघणार नाही.